दहा हजारांचा फेरा

तोंडाने खोटे बोलायला बाईंना कधीच संकोच वाटला नाही. दारावर कुणी वर्गणी मागायला आले, की आतल्या खोलीतून स्वतःच्याच खणखणीत आवाजात त्या "बाई घरी नाहीत" असे सांगत, आणि आलेला माणूसही "बरं, आल्या की सांगा" म्हणून निमूट जिना उतरे. लिहून खोटे देणे मात्र त्यांना जमत नसे. बोललेले वारा घेऊन जातो, लिहिलेले आपल्या आधी पोहोचते आणि आपली वाट पाहत बसते, असे त्या म्हणत. कुठे पोहोचते, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

नवी मुंबईत सीवूड्सला, करावे गावाच्या अंगाला, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर होते. त्या घरातली खाडीकडची खोली मी तीन वर्षे भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी मी त्यांना 'काकू' म्हटले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"मी कुणाच्या काकाची बायको नाही. बाई म्हण. ते निदान खरं आहे."

भाडेकराराच्या छापील मसुद्याखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात तीन ओळी वाढवल्या होत्या. न्हाणीघराचा नळ गळतो. खिडकीतून सुक्या मासळीचा वास येतो, आणि वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा. मालकीण स्वभावाने तुसडी आहे. एजंट कपाळावर हात मारून म्हणाला, "बाई, असं कोण लिहितं?" "जिचं घर आहे ती," बाई म्हणाल्या. मी खाली सही केली. पुढच्या तीन वर्षांत पहिल्या दोन ओळींचा प्रत्यय मला रोज आला. तिसरीचा येई, पण त्यात सातत्य नव्हते.

सोसायटीच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असे. राहणाऱ्यांनी तिच्यात काही लिहावे अशी अपेक्षा नव्हती, पण सेक्रेटरींच्या इमारतीत जायचे असले की बाई आवर्जून वही मागून घेत. 'भेटीचा उद्देश' या रकान्यात त्या लिहीत, 'भांडण'. परतताना वेळ टाकून शेरा देत, 'अपूर्ण'.

या सवयीचे मूळ तळोज्यात होते. तिथल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाईंनी तीस वर्षे काढली. एवढ्या काळात नाकात इतकी आम्ले चढली होती, की त्यांना फुलांचा वास जवळजवळ येत नसे, आणि नासलेल्या कुठल्याही वस्तूचा दोन खोल्यांपलीकडून येई. एके वर्षी कारखान्यातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या तपासणीत एक आकडा जरा वर गेला होता. तो थोडा खाली लिहावा, एवढीच साहेबांची विनंती होती. बाईंनी नकार दिला आणि उरलेली चार वर्षे भांडारात रिकाम्या बाटल्या मोजल्या.

"तोंडी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पाणी छान आहे, प्यायलाही चालेल," त्या मला सांगत. "पण त्यांना सही हवी होती."

अशा बाईंचे खाते त्या बँकेत कसे गेले, याचे उत्तर एका डब्यात आहे. गणपतीच्या दिवसांत मांडवाशेजारी एका हसतमुख मुलीने छत्रीखाली टेबल मांडले होते, आणि फोनवर खाते उघडणाऱ्याला तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळत होता. बाईंनी डबा वाजवून पाहिला, नाद शुद्ध निघाला, आणि त्यांनी खाते उघडले. त्या बँकेला शाखा नव्हती, दार नव्हते. शिक्क्याची शाई, घासून गुळगुळीत झालेले रेक्झिन, कोपऱ्यात टेकलेल्या ओल्या छत्र्या, यांतले काहीच नव्हते. ती फक्त फोनच्या काचेमागे राहत असे. "वासच नाही त्या बँकेला," बाई म्हणत. त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठा अविश्वास असूच शकत नव्हता.

त्याच छत्रीखाली डबा मिळवणारी दुसरी बाई म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी. त्या करावे गावातल्या. टोपलीच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक फलक त्यांनी सुतळीने बांधला होता. गिऱ्हाईक फोन समोर धरी, मावशींच्या कमरेच्या पिशवीतून फोन रक्कम ओरडून सांगे, आणि मग कुठे बोंबील पिशवीत पडत. फलकावर एक-दोन खवले कायम चिकटलेले असत. उन्हात ते चमकत.

वर्षभराने बँकेचा संदेश आला. यापुढे खात्यावर दरमहा दीडशे रुपये अधिक कर एवढे शुल्क लागेल. मात्र ज्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या खात्यातून एकरकमी दहा हजार रुपये जमा होतील, त्या महिन्यात ते माफ.

"शुल्क कसलं? दंड म्हण," बाई म्हणाल्या. "आणि दंड व्हायला आधी गुन्हा लागतो. माझा गुन्हा काय?"

"खातं बंद करून टाका ना."

"म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर सोडायचं?"

त्या बँकेत तक्रार ऐकायला माणूस नव्हता. एक यंत्र होते आणि त्याने स्वतःचे नाव 'सोबती' ठेवले होते. बाईंनी सोबतीला पत्र लिहावे तसे लिहिले. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, मग तीन परिच्छेद. सोबतीने क्षणात उत्तर दिले, "मला समजले नाही. आपले कार्ड हरवले आहे का?" बाईंनी पुन्हा लिहिले. सोबतीने पुन्हा कार्डाची चौकशी केली. चौथ्या खेपेला बाईंनी फोन उपडा ठेवला आणि म्हणाल्या, "तळोज्यात असेच एक साहेब होते."

मग त्यांनी आपल्या जुन्या, दार असलेल्या बँकेतून या खात्यात दहा हजार पाठवून पाहिले. ते मोजले गेले नाहीत. आपणच आपल्याला दिलेले ते देणे नव्हे, असा बँकेचा दंडक होता. हे वाचून बाई बराच वेळ खाडीकडे पाहत बसल्या. त्यांना राग आला असावा, पण त्यात थोडा आदरही मिसळलेला दिसला. नियम नेमका होता, आणि नेमकेपणाबद्दल त्यांच्या मनात एक हळवा कोपरा होता.

त्याच सकाळी मावशी दारात टोपली उतरवून करवादल्या. "बाय, दर म्हैन्याला दीडशे रुपयं खातंय मेलं हे खातं! काय काम करतंय त्याचं? मी त्याला फुकाट पापलेट दिलं तरी येवडं नाय खायाचं."

बाईंच्या डोळ्यांत तेव्हा काहीतरी लकाकले. माझेही खाते तिथेच उघडायला लावून त्यांनी त्या दुपारी एका कागदावर तीन ठिपके काढले आणि ते बाणांनी जोडले. बाईंकडून दहा हजार मावशींना. मावशींकडून मला. माझ्याकडून बाईंना. तिघींच्या खात्यात दुसऱ्याकडून दहा हजार जमा, तिघींचे शुल्क माफ, आणि पैसे होते तिथे परत.

"भिशीच म्हना की," मावशी म्हणाल्या. "पन हिच्यात कोनालाच काय मिलत नाय!"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "कुणाचं काही जातही नाही."

दर महिन्याचा पहिला रविवार ठरला. सकाळी दहाला तिघी जेवणाच्या टेबलाभोवती बसायच्या, कारण माणसे समोर नसताना पैसे पाठवणे बाईंना मान्य नव्हते. बाई त्या दहा हजारांना 'नमुना' म्हणत. "नमुना बाहेर पडला," अशी घोषणा करून त्या बोट टेकवत, आणि कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेले घड्याळ समोर ठेवून वेळ पाहत. नमुना फिरून परत येईपर्यंत चहा नाही. त्या तीन-चार मिनिटांत घरात विलक्षण शांतता पसरे. दाराबाहेर वर्तमानपत्रावर ठेवलेल्या टोपलीतून बर्फाचे पाणी ठिबकत असे, पोह्यांवरची कोथिंबीर आणि खारी हवा यांचा मिश्र गंध खोलीभर उभा राही, आणि आमच्या हातांतून एक पैसाही न दिसता दहा हजार रुपये निघून जात. मावशींच्या फोनने रक्कम ओरडून सांगितली की त्या हसून म्हणत, "आता मी श्रीमंत. पलू का?"

"पळा," बाई म्हणत. "पण आधी हिला पाठवा."

या व्यवस्थेचा खर्च मी एकदा मांडून दाखवला. पोहे, चहा, मावशींचा बुडालेला सकाळचा धंदा, माझा रविवार. तो शुल्काच्या दुपटीहून अधिक भरत होता. बाईंनी कागद लक्षपूर्वक वाचला, एक बेरीज दुरुस्त केली, "आता बरोबर आहे," असे म्हणाल्या आणि रद्दीत टाकला.

सात महिने नमुना बिनबोभाट फिरला. आठव्या महिन्यात नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. मासेमारी पुन्हा सुरू होणार, म्हणून मावशी त्या रविवारी घाईत होत्या. संध्याकाळपर्यंत होडीवाल्याला तीस हजारांचा बयाना द्यायचा होता. तो दिला की हंगामभर त्याची मासळी यांच्या टोपलीत. नाही दिला तर त्याच्या दारात दुसरी उभीच होती. पावसाळाभर सुका जवळा आणि बोंबील विकून मावशींनी पैसे जमवले होते, आणि गिऱ्हाइके फलकासमोर फोन धरत असल्यामुळे ते सगळे त्याच खात्यात होते.

बाईंनी नमुना सोडला. मावशींचा फोन रक्कम ओरडला, आणि लगेच वेगळ्याच सुरात वाजला.

"बाय, काय बोलतंय बगा ह्यो."

मी वाचले. संशयास्पद व्यवहारामुळे खाते तात्पुरते गोठवण्यात आले आहे. पैसे येऊ शकतील. जाऊ शकणार नाहीत.

"गोठवलंय," मी म्हटले.

"बरफ मी रोज फोडते," मावशी म्हणाल्या. "ह्यो कसा फोडायचा तेवडं सांग, पोरी."

तेच दहा हजार सात महिने आम्हा तिघींच्या खात्यांतून सारखेच फिरले होते. यंत्राला संशय आला तो मात्र टोपलीवालीचा. हे आम्हा दोघींच्या लक्षात एकाच क्षणी आले असावे, कारण बाईंनी नजर वळवली. तेवढ्यात त्यांचाही फोन वाजला. पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी रकमेचा हेतू सांगायचा होता. दोन्ही उत्तरे जुळली तर खाते लगेच खुले. खाली यादी होती: घरभाडे, व्यवसाय, कर्ज, भेट, इतर.

"भेट दाबा, बाय," मावशी म्हणाल्या. "मी पन दाबते."

बाईंनी 'इतर' निवडले. पुढच्या रिकाम्या चौकटीत त्यांनी एका बोटाने, सावकाश, शुद्ध मराठीत लिहिले: 'आपले मासिक शुल्क टाळण्यासाठी.'

मी डोळे मिटून घेतले.

सोबतीने या वेळी कार्डाची चौकशी केली नाही. 'इतर' हेतूंच्या पडताळणीस पंधरा दिवस लागतील, असे त्याने कळवले. उत्तर बदलायचे असल्यास दोन तासांच्या आत, फक्त एकदा.

"बाय!" मावशी खुर्चीतून उठल्या. "पंदरा दिस? होडीवाला पंदरा तास थांबायचा नाय! बदला ते. येक शब्द तर हाय."

"ती भेट नव्हती, मावशी."

"कोनाला कललंय?"

"मी लिहिणार, म्हणजे मला कळणार."

"तीस वर्सं तुमी लिवलं खरं, आन माजा हंगाम जायाचा व्हय त्याच्यापायी?"

बाई उठल्या. मग आत जाऊन त्यांनी जुन्या बँकेचे चेकबुक आणले. "तीस हजार माझ्याकडून घ्या. खातं खुलं झालं की परत करा."

"उसनं?" मावशींचा आवाज एकदम खाली आला, आणि तो आधीच्या आवाजापेक्षा जास्त लागला. "माजं सोताचं पैसं हायत. माशी उडवत, पावसात बसून जमवलेलं. ते असताना मी उसनं घेऊ? गावात कललं तर म्हनतील, हिचा धंदा बुडाला. तुमचं खरं तुमी ठेवा, बाय. माजं पैसं मना द्या."

 पोहे गार झाले होते. बाईंची बोटे टेबलाच्या कडेवरून मागे-पुढे फिरत होती, आणि मला वाटले, साहेबांनी तो आकडा खाली लिहायला सांगितला तेव्हाही ही बोटे अशीच फिरली असतील. तेव्हा नुकसान त्यांचे एकटीचे होते. म्हणून नकार सोपा गेला असेल.

पाऊण तास गेला. मग बाई अचानक म्हणाल्या, "मावशी, ते दहा हजार तुमचे."

"काय?"

"तुम्हाला दिले. परत द्यायचे नाहीत, हिला पाठवायचे नाहीत. म्हणजे ती भेट झाली. म्हणजे मला लिहिता येईल."

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे. त्यांच्या नाकातली मोठी चमकी थरथरली.

"मी काय भिकारीन हाय?"

"भीक नाही म्हणत मी. आहेर समजा."

"आहेर?" मावशी पुन्हा खाली बसल्या. आता बोलणे त्यांच्या प्रांतात आले होते. "आहेराला कार्य लागतं."

"परवा पुनव आहे ना?"

"मंग आहेर असा फोनातनं येतो? कुकू कुटं हाय? खन कुटं? नारल?"

बाईंच्या घरात यांतले काहीच नव्हते. मी खोलीत धावले. आईला पाहुण्यांकडून मिळालेले आणि तिने मला दिलेले, कधीच न शिवलेले एक हिरवे ब्लाउजपीस माझ्या बॅगेच्या तळाशी होते. त्याला अजून कापडाच्या दुकानाचा कोरा, खळीचा वास होता. कुंकवाची डबीही माझीच. नारळ चटणीसाठी आणलेला मिळाला. त्याची शेंडी उपटलेली होती, त्यावर मावशींनी नापसंतीचा एक सुस्कारा टाकला, पण चालवून घेतले. बाईंनी आयुष्यात कुणाला आहेर केला नसावा. त्यांनी कुंकू लावले ते तपासणीच्या काचपट्टीवर थेंब सोडावा तसे, बेताने आणि श्वास रोखून. खण आणि नारळ मावशींच्या पदरात घातले.

"आता दाबू?" त्यांनी विचारले.

"थांबा. किती हाय?"

"दहा हजार."

"सुन्यावर संपतो तो आहेर नाय, बाय. वर येक रुपया."

बाईंनी एक रुपया पाठवला. मावशींच्या कमरेच्या पिशवीतून फोन मोठ्या अभिमानाने ओरडला, एक रुपया जमा. मग दोघींनी, समोरासमोर बसून, एकाच वेळी 'भेट' या शब्दावर बोट ठेवले. बाईंच्या चेहऱ्यावर यातना नव्हती. अहवालावर सही करताना असेल तशी स्वच्छ, रूक्ष शांतता होती.

दहा मिनिटांनी खाते खुले झाले. मावशींनी तिथूनच होडीवाल्याला तीस हजार पाठवले, फोनवर त्याला दोन शिव्या घातल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि आभाराचा एकही शब्द न बोलता जिना उतरल्या. आहेराचे आभार मानत नाहीत, हे मला नंतर सुचले.

त्या महिन्यात बाईंच्या खात्यात कुणाकडूनच काही जमा झाले नाही, तेव्हा शुल्क कापले गेले. दीडशे अधिक कर वाचवण्यासाठी दहा हजार एक रुपये देऊन झाल्यावर, शेवटी तेही गेले.  बाईच म्हणाल्या, "पाठ्यपुस्तकात असे प्रयोग 'अयशस्वी' म्हणून देतात. पण नोंद चोख ठेवतात."

पुढच्या पहिल्या रविवारी मी उशिरापर्यंत अंथरुणातच होते. दहाला बेल वाजली. मावशी टोपलीसकट थेट आत आल्या आणि बाईंच्या खुर्चीत बसल्या.

"चला. पैसं फिरवायचं ना?"

"आता माझ्याकडे नमुना नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा नवा काढण्याइतकी मी..."

"तुमच्याकं नाय. माज्याकं हाय की." त्यांनी कमरेचा फोन काढला. "ह्या पोरीला मी देते, पोरगी तुमाला देईल, तुमी मना द्यायचं. माजं पैसं माज्याकं आलं पायजे. इकडंतिकडं चालायचं नाय."

बाई उभ्याच होत्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलापाशी, खुर्ची नसलेल्या. हळूहळू त्या स्टुलावर बसल्या.

दहा हजार मावशींकडून माझ्याकडे आले. माझ्याकडून बाईंकडे गेले. बाईंनी ती रक्कम काचेवर पाहिली. महिन्याभरापूर्वीपर्यंत ती त्यांची होती, आणि आता ती दुसऱ्याची म्हणून त्यांच्या हातात होती. काय गंमत वाटली कोण जाणे, त्यांचे ओठ किंचित हलले.

"आणि मी परत पाठवले नाहीत तर?"

मावशींनी टोपलीवरचे ओले फडके बाजूला केले. ताज्या बांगड्यांवर एक लखलखीत हिरवा खण होता आणि त्यावर शेंडीसकट नारळ.

"मंग काय, बाय," त्या म्हणाल्या. "भेट झाली म्हनायची. तयारीनंच आलीय मी."

बाईंनी इतक्या घाईने पैसे परत पाठवलेले मी कधी पाहिले नव्हते.